जपानचे निनावी हेर

इसवी सन १३३८ ची गोष्ट आहे. जपानची त्या काळची राजधानी क्योतो. तिच्या दक्षिणेस एका टेकडीवर हाचिमान या युद्धदेवतेचे पुरातन देवालय होते. दोन राजपक्षांच्या कलहात एका पक्षाचे सैन्य या देवालयाच्या आश्रयास जाऊन बसले होते व दुसऱ्या पक्षाने टेकडीला वेढा घातला होता. वेढा लांबला, तरी टेकडी काही हाती येईना. अखेर एका रात्री, सोसाट्याचा वारा सुटला असता व पाऊस कोसळत असता, काही निवडक माणसे अंधारातून वर चढून गेली आणि त्यांनी देवालयास आग लावली. पाहता पाहता ज्वाळा आकाशास भिडल्या आणि वरील सैन्यात एकच हाहाकार उडाला.

ती माणसे कोण होती? त्यांची नावे काय? त्या काळच्या युद्धांचे वर्णन करणाऱ्या ‘ताइहेइकी’ या ग्रंथात हा प्रसंग आला आहे. परंतु त्या माणसांची नावे त्यात नाहीत. त्यांच्यासाठी केवळ एक शब्द योजिला आहे : ‘शिनोबी’. शिनोबी म्हणजे लपूनछपून काम करणारा. यांनाच आज सारे जग ‘निंजा’ या नावाने ओळखते.

जपानी लिपीत ‘निंजा’ हा शब्द दोन अक्षरचिन्हांनी लिहितात. त्यांतील पहिले चिन्ह मोठे अर्थपूर्ण आहे. त्याच्या वरच्या भागाचा अर्थ पात्याची धार आणि खालच्या भागाचा अर्थ काळीज. काळजावर ठेवलेले धारदार पाते! या चिन्हाचे दोन अर्थ होतात. एक ‘लपणे’ आणि दुसरा ‘सोसणे’. निंजाची सारी कथा या दोन अर्थांत सामावलेली आहे. त्यांपैकी ‘लपणे’ जगाने उचलून धरले, ‘सोसणे’ मात्र बहुतेक विसरले.

चित्रपटांतून व चित्रकथांतून दिसणारा निंजा आपल्या परिचयाचा आहे. अंगात काळा पोशाख, डोळ्यांखेरीज सारा चेहरा झाकलेला, हातात चांदणीच्या आकाराचे फेकावयाचे शस्त्र. तो पाण्यावरून चालतो, भिंतीवरून धावतो, धुराच्या लोटात दिसेनासा होतो. हे सारे खरे काय? खरे नसेल, तर मग खरा निंजा कसा होता? हे जाणून घ्यावयाचे, तर आपणांस प्रथम जपानच्या मध्यभागातील डोंगराळ मुलखात गेले पाहिजे.

क्योतोच्या आग्नेयेस इगा आणि कोका हे दोन प्रदेश एकमेकांस लागून आहेत. इगा म्हणजे चोहोंबाजूंनी डोंगरांनी वेढलेले खोरे. तेथे जाण्यास अरुंद घाटवाटांवाचून दुसरा मार्ग नव्हता. राजधानी जवळ असल्यामुळे तेथील घडामोडींची वार्ता लवकर पोचे. आणि डोंगर आडवे असल्यामुळे राजधानीची सत्ता मात्र सहजासहजी पोचत नसे. अशा प्रदेशात बडा सरदार निर्माण झाला नाही. लहान लहान जमीनदार लढवय्ये आपापल्या गावी मातीचे तट उभारून राहत. शांततेच्या काळी ते शेती पाहत आणि प्रसंग पडला की शस्त्र हाती घेत.

इसवी सन १४६७ मध्ये क्योतो शहरातच मोठे युद्ध पेटले आणि ते दहा वर्षे चालले. राजधानी बेचिराख झाली. त्यानंतर सुमारे एक शतकभर जपानात बळी तो कान पिळी अशी स्थिती होती. जो तो सरदार शेजाऱ्याचा मुलूख गिळू पाहत होता. अशा वेळी इगा व कोका येथील लहान लढवय्यांनी एक शहाणपणाचा मार्ग शोधून काढला. त्यांनी आपसांत एकजूट केली, सभा भरवून निर्णय घेण्यास आरंभ केला आणि सर्वांवर बंधनकारक असे नियम लिहून काढले. इगाच्या या संघाचे नियमपत्र आजही उपलब्ध आहे. परका शत्रू मुलखात शिरला, तर गावोगावी घंटा वाजवाव्यात. सतरा ते पन्नास वर्षे वयाच्या सर्व पुरुषांनी शिधा, बाण व ढाली घेऊन रणभूमीवर हजर व्हावे, असे त्यात सांगितले आहे. निंजांची जन्मभूमी ही अशी होती. कोणा मांत्रिकाच्या गुहेत ते निर्माण झाले नाहीत. आपले घर व शेत वाचविण्यासाठी धडपडणाऱ्या गावकऱ्यांतूनच ते पुढे आले.

मोठ्या सैन्यापुढे मूठभर माणसांचा उघड्या मैदानात टिकाव लागत नाही. म्हणून या लोकांनी रात्र, रान, डोंगर आणि पाऊस यांनाच आपले सहकारी केले. इसवी सन १४८७ मध्ये शोगुन, म्हणजे देशाचा सेनाधिपती, आशिकागा योशिहिसा हा रोक्काकु ताकायोरी या सरदारावर चालून आला. रोक्काकु माघार घेऊन कोकाच्या डोंगरांत शिरला. तेथील लढवय्यांनी त्यास आश्रय दिला आणि शोगुनच्या छावणीवर रात्री छापे घालून तिला हैराण करून सोडले. शोगुनला विजय मिळाला नाहीच. दोन वर्षांनी, इसवी सन १४८९ मध्ये, त्या छावणीतच त्याचा आजाराने अंत झाला. या प्रसंगापासून कोका व इगा येथील माणसांचा लौकिक देशभर पसरला आणि दूरदूरचे सरदार त्यांना मोबदला देऊन आपल्या कामास बोलावू लागले.

हे काम कोणते, याविषयी बराच गैरसमज आहे. निंजा म्हणजे रात्री येऊन गळा कापणारा मारेकरी, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्याचे पहिले काम बातमी आणणे हे होते. शत्रूजवळ धान्य किती आहे, खंदक किती खोल आहे, कोणता सरदार धन्यावर नाराज आहे, कोणत्या दरवाजावरचे पहारेकरी आळशी आहेत, अशा गोष्टी जाणून घेऊन त्याने जिवंत परत यावयाचे असे. प्राचीन चीनमधील सुन त्झू या युद्धशास्त्रकाराने आपल्या ग्रंथाचे शेवटचे, म्हणजे तेरावे, प्रकरण हेरांसाठीच राखून ठेवले आहे. हा विचार जपानी युद्धशास्त्रात चांगलाच रुजला होता. सामुराई योद्ध्याच्या दृष्टीने रणात पडणे भूषणावह होते. शिनोबी मात्र मेला, तर त्याच्याबरोबर त्याने मिळविलेली बातमीही मरत असे. म्हणून चकमक टाळणे, पळून जाणे, प्रसंगी अपमान गिळणे, हे त्याचे कर्तव्यच होते. काळजावर पाते ठेवून सोसणे ते हेच.

या विद्येचे दोन भाग मानीत. पहिला भाग उजेडातला. वेष पालटून, परंतु चेहरा उघडा ठेवून, लोकांत मिसळावयाचे आणि बातमी काढावयाची. दुसरा भाग अंधारातला. कोणाच्याही दृष्टीस न पडता शत्रूच्या गोटात शिरावयाचे. यांपैकी पहिला भाग अधिक उपयोगाचा होता. इसवी सन १६८१ मध्ये नातोरी मासाझुमी याने लिहिलेल्या ‘शोनिन्की’ या ग्रंथात सात वेष सांगितले आहेत. डोक्यावर टोपलीसारखी टोपी घालून बासरी वाजविणारा भिक्षू, सामान्य बौद्ध भिक्षू, डोंगरात तपश्चर्या करणारा यती, व्यापारी, रस्त्यावर हातचलाखीचे खेळ करणारा, नाटकातील नट आणि सातवा वेष साध्यासुध्या माणसाचा! हे सातही लोक गावोगाव फिरले, तरी कोणास संशय येत नसे. परंतु नुसते कपडे बदलून भागत नव्हते. यती व्हावयाचे तर मंत्र पाठ हवेत, व्यापारी व्हावयाचे तर मालाचे भाव ठाऊक हवेत, आणि ज्या प्रांताचे नाव सांगावयाचे त्या प्रांताची बोली जिभेवर हवी. आपल्याकडील बहुरूपी सोंग वठवितो ते लोकांच्या करमणुकीसाठी. शिनोबी सोंग वठवी ते प्राण पणास लावून.

शत्रूनेही अशा माणसांस ओळखण्याच्या युक्त्या योजिल्या होत्या. रात्रीच्या लढाईहून सैन्य परतले, की त्यात परके कोणी मिसळले आहे काय, हे पाहण्यासाठी एकदम खुणेचा शब्द उच्चारला जाई. तो ऐकताच आपल्या सैनिकांनी ठरल्याप्रमाणे झटकन उभे राहावयाचे किंवा खाली बसावयाचे. ज्यास ही खूण ठाऊक नसे, तो घोटाळून जाई आणि त्याच क्षणी पकडला जाई. एका क्षणाच्या चुकीची किंमत मृत्यू हीच होती.

अंधारातल्या कामाचाही पाया मनुष्यस्वभावाचे ज्ञान हाच होता. इसवी सन १६७६ मध्ये इगाच्या फुजिबायाशी यासुताके याने ‘बान्सेन्शुकाई’ नावाचा बावीस खंडांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. दहा हजार नद्या समुद्रास मिळतात, असा या नावाचा अर्थ. एखाद्या घरात केव्हा शिरावे, याविषयी त्यात मार्मिक सूचना आहेत. लग्नसमारंभानंतरची रात्र चांगली, कारण माणसे खाऊनपिऊन गाढ झोपलेली असतात. घरातील कोणी दुखण्यातून उठला असेल, तर ती रात्र चांगली, कारण अनेक दिवस जागलेली माणसे त्या रात्री निर्धास्त झोपतात. भिंत किती उंच आहे, यापेक्षा भिंतीआडचा माणूस केव्हा बेसावध असतो, हे जाणणे अधिक महत्त्वाचे, असे या विद्येचे मर्म होते.

शिनोबीचे सामान मोठे अद्भुत असेल, अशी आपली कल्पना असते. परंतु जुन्या ग्रंथांत प्रवासासाठी ज्या सहा वस्तू आवश्यक म्हणून सांगितल्या आहेत, त्या अगदी साध्या आहेत. चेहरा झाकेल अशी विणलेली टोपी, आकडा लावलेला दोर, टिपण करण्यासाठी दगडी लेखणी, औषधे, सुमारे तीन फूट लांबीचा पंचा आणि विस्तव पेटविण्याचे साधन. यांतील कोणतीही वस्तू सामान्य वाटसरूजवळ सापडली असती, तरी कोणी भुवई उंचावली नसती. दोराने भिंत चढता येई आणि कपडेही वाळत घालता येत. पंच्याने डोके बांधता येई आणि जखमही. जे हत्यार हत्यारासारखे दिसत नाही, तेच शिनोबीचे खरे हत्यार.

लढाईतील त्यांचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे आग. लाकूड व गवत यांनी शाकारलेल्या किल्ल्यांत एक ठिणगीदेखील अनर्थ करू शके. इसवी सन १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर जपानात बंदुका आल्या. पुढे दारूचा उपयोगही या विद्येत शिरला. ‘बान्सेन्शुकाई’मध्ये मशाली, धूर आणि स्फोटक दारू यांच्या कृती मोठ्या संख्येने दिल्या आहेत. आग लावून गोंधळ उडवावा आणि त्याच वेळी बाहेरून आपल्या सैन्याने हल्ला करावा, असा हा डाव असे. पाठलाग करणाऱ्यांस रोखण्यासाठी वाटेवर काटे पसरीत. हे काटे म्हणजे पुष्कळदा वाळविलेले शिंगाडेच! जपानातील तळ्यांत उगवणाऱ्या शिंगाड्यास टोकदार शिंगे असतात. तो कसाही पडला तरी एखादे टोक वर राहते आणि गवती चपला घातलेल्या पायात घुसते. लोखंडी गोखरूही याच कामी वापरीत. चांदणीच्या आकाराचे ‘शुरिकेन’ हे फेकावयाचे शस्त्र मात्र एकट्या निंजांचे नव्हे. ते फेकण्याची कला सामुराईंच्या अनेक युद्धशाळांत शिकविली जाई. सरळ पात्याची खास निंजा तलवार तर बहुधा अलीकडच्या कल्पनेतूनच निर्माण झाली आहे. त्या काळचा शिनोबी कमरेला सर्वसामान्य तलवारच बाळगी. ती भिंतीस टेकवून तिच्या मुठीवर पाय देऊन तो वर चढे आणि तिला बांधलेल्या दोरीने ती मागाहून ओढून घेई, असे सांगतात.

अनेक दिवस लपून राहावयाचे, तर भूक आणि तहान यांचा बंदोबस्त हवा. त्यासाठी गोळ्या तयार करण्याच्या कृती ग्रंथांत आढळतात. भुकेच्या गोळीत पिठे, कंदमूळ, ज्येष्ठमध इत्यादी पदार्थ घालून ते मिश्रण तीन वर्षे तांदळाच्या मद्यात मुरवीत आणि मग त्याच्या लहान लहान गोळ्या वळीत. तहानेच्या गोळीत मुख्य पदार्थ खारविलेल्या आंबट फळाचा गर असे. त्याच्या नुसत्या चवीने तोंडाला पाणी सुटते. कोकाच्या लोकांस वनौषधींचे ज्ञान चांगले होते. ती परंपरा पूर्णपणे खंडित झालेली नाही. आजही तो परिसर औषधनिर्मितीबद्दल प्रसिद्ध आहे. निरोप पोचविण्याच्या युक्त्याही अशाच साध्या व चतुर होत्या. तांदळाचे दाणे निरनिराळ्या पाच रंगांत रंगवून वाटेच्या कडेला ठेवीत. कोणता रंग कसा मांडला आहे, यावरून मागून येणाऱ्या साथीदारास निरोप कळे आणि रंगविलेले दाणे पक्षीही टिपीत नसत. घड्याळ नसताना वेळ ओळखण्यासाठी ते मांजराच्या डोळ्यांतील बाहुलीकडे पाहत. सकाळी ती गोल असते, दुपारी बारीक रेघेसारखी होते आणि सायंकाळी पुन्हा गोल होते.

अशी ही विद्या. परंतु तिनेही तिच्या जन्मभूमीला वाचविता आले नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओदा नोबुनागा या पराक्रमी व कठोर सरदाराने देश एका छत्राखाली आणण्याचा उद्योग मांडला होता. इसवी सन १५७९ मध्ये त्याचा मुलगा नोबुकात्सु याने पित्यास न विचारताच इगावर स्वारी केली. घाटवाटांत दबा धरून बसलेल्या इगाच्या लोकांनी त्याची दाणादाण उडविली. हा पराभव नोबुनागाच्या जिव्हारी लागला. दोन वर्षांनी, इसवी सन १५८१ मध्ये, सुमारे चाळीस हजारांची फौज कित्येक वाटांनी एकाच वेळी इगात उतरली. गावे जळाली, देवळे जळाली, असंख्य माणसे मारली गेली. जी वाचली, ती डोंगर ओलांडून परमुलखात पांगली. गावकऱ्यांनी आपल्या हिंमतीवर चालविलेले ते लहानसे स्वराज्य लयास गेले. चातुर्याने बलाढ्य शत्रूस एकदा थोपविता येते. परंतु तो पूर्ण तयारीने पुन्हा आला, तर चातुर्यालाही मर्यादा पडते, हे कटू सत्य या युद्धाने दाखवून दिले.

दैवाची गती विचित्र असते. पुढच्याच वर्षी, इसवी सन १५८२ मध्ये, नोबुनागाच्या एका सरदाराने क्योतो येथे बंड केले आणि त्यात नोबुनागाचा अंत झाला. त्याचा मित्र तोकुगावा इएयासु त्या वेळी मूठभर सोबत्यांसह साकाई या बंदरात होता. भोवताली शत्रू, जवळ सैन्य नाही आणि घर दूर. अशा वेळी त्याने इगाच्या डोंगरांतून जाणारी अवघड वाट धरली. त्याच्याबरोबरच्या मंडळीत हात्तोरी हान्झो हा सेवक होता. हान्झोचा पिता मूळचा इगाचा. त्या नात्याने इगा व कोका येथील माणसे मदतीस आली आणि त्यांनी इएयासूस किनाऱ्यावर सुखरूप पोचविले. तेथून तो नौकेने स्वदेशी गेला. वेगळ्या वाटेने निघालेला त्याचा साथी आनायामा बाइसेत्सु हा मात्र मार्गातच मारला गेला.

इएयासु हे उपकार विसरला नाही. त्याने इगाच्या सुमारे दोनशे माणसांस आपल्या चाकरीत घेतले व त्यांचा प्रमुख म्हणून हान्झोची नेमणूक केली. पुढे इसवी सन १६०३ मध्ये इएयासु शोगुन झाला आणि एदो, म्हणजे आजचे तोक्यो, ही त्याची राजधानी बनली. एदोच्या राजवाड्याच्या एका दरवाजास हान्झोचे नाव मिळाले. आज त्या महानगरातील एका भुयारी रेल्वेमार्गासही तेच नाव आहे. गंमत अशी, की कथांतून सर्वश्रेष्ठ निंजा म्हणून गाजलेला हा हान्झो प्रत्यक्षात भालाईत सामुराई म्हणूनच लढला. ज्या माणसांनी रात्रीच्या अंधारात वाट दाखविली, त्यांची नावे लोकांच्या तोंडी राहिली नाहीत. नाव राहिले ते त्यांच्या प्रमुखाचे.

शिनोबींची शेवटची मोठी कामगिरी इसवी सन १६३८ च्या आरंभी घडली. जपानच्या नैर्ऋत्येकडील शिमाबारा प्रांतात जबर करांनी गांजलेले शेतकरी बंड करून उठले होते. त्यांतील पुष्कळ ख्रिस्ती होते व धर्मासाठीही त्यांचा छळ झाला होता. हारा नावाच्या जुन्या किल्ल्याचा त्यांनी आश्रय घेतला. शोगुनच्या सेनापतीने कोकाची दहा माणसे तेथे नेली. रात्रीच्या वेळी खंदकापर्यंत सरपटत जाऊन त्यांनी अंतरे, खंदकाची खोली व तटाची उंची मोजली आणि त्यावरून तयार झालेला नकाशा एदोस पाठविण्यात आला. त्यांनी शत्रूचे धान्यही पळविले. एकदा तर दोघे किल्ल्यात शिरले; त्यांतील एक खड्ड्यात पडला, दुसऱ्याने त्यास वर काढले आणि शत्रूचे निशाण खूण म्हणून हिसकावून, दगडांचा मारा सोशीत, दोघे जखमी होऊन परतले. परंतु किल्ल्यातील लोकांत मिसळून राहणे त्यांना साधले नाही, कारण तेथील बोली आणि ख्रिस्ती प्रार्थनांतील शब्द त्यांच्या कानाला अनोळखी होते. भाषा न येणे ही या विद्येतील केवढी मोठी उणीव! तटावर दोर टाकता येतो. भाषेच्या तटावर मात्र दोर टाकता येत नाही.

त्यानंतर जपानात दोन शतकांहून अधिक काळ शांतता नांदली. शिनोबींचे वंशज वाड्यांच्या दरवाजांवर पहारे देऊ लागले. विद्येचा वापर थांबला, तशी ती विसरून जाण्याची भीती निर्माण झाली. ‘बान्सेन्शुकाई’ आणि ‘शोनिन्की’ हे ग्रंथ याच शांततेच्या काळात लिहिले गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘बान्सेन्शुकाई’चा आरंभ शस्त्रांपासून होत नाही. त्यात प्रथम ‘शुद्ध अंतःकरण’ या विषयाचे विवेचन येते. भिंत चढणे, कुलूप काढणे, वेष पालटणे या गोष्टी चोरही करतो. मग चोर आणि शिनोबी यांत भेद कोणता? ग्रंथकार सांगतो, भेद हेतूचा. स्वार्थासाठी ही विद्या वापरणारा चोरच होय. निष्ठेने कर्तव्यासाठी वापरील तोच शिनोबी.

इकडे शांततेच्या काळातच निंजांच्या दंतकथा फोफावू लागल्या. खरे निंजा डोळ्यांआड झाले, की कल्पनेस मोकळे रान मिळते. इसवी सन १७७७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एका काबुकी नाटकात दुष्ट मंत्री उंदराचे रूप घेतो आणि तोंडात गुंडाळी धरून रंगमंचाखालून वर येतो. एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांत जिराइया नावाचा नायक बेडकाची जादू करतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ओसाका येथील स्वस्त छोट्या पुस्तकांतून सारुतोबी सासुके हा काल्पनिक बालवीर अवतरला आणि मुलांनी त्यास डोक्यावर घेतले. १९६० नंतर चित्रपटांनी निंजास साऱ्या जगात नेऊन पोचविले.

काळ्या पोशाखाची कल्पनाही बहुधा रंगभूमीचीच देणगी असावी. काबुकी नाटकात सामान हलविणारे सेवक काळे कपडे घालतात व प्रेक्षक त्यांना ‘अदृश्य’ समजतात. ‘शोनिन्की’त मात्र तपकिरी, गडद पिवळसर तांबूस, काळा व गडद निळा असे रंग सांगितले आहेत, कारण लोक सामान्यतः याच रंगांचे कपडे घालीत. पाण्यावरून चालण्याची कथा ज्या लाकडी गोल साधनावरून निघाली, ते ‘बान्सेन्शुकाई’त चितारलेले आहे, परंतु ते पायांत अडकवून पाण्यावर उभे राहता येत नाही, असे प्रयोगांती दिसून आले आहे.

आज इगा हे शहर जपानच्या मिए प्रांतात आणि कोका हे शिगा प्रांतात मोडते. कोका येथे सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले, फिरत्या दारांचे व गुप्त जिन्यांचे एक जुने घर जतन केले आहे. मिए विद्यापीठाने इसवी सन २०१७ मध्ये निंजांच्या अभ्यासासाठी एक संशोधनकेंद्र स्थापन केले. तेथील अभ्यासक जुने कागद वाचून दंतकथा व इतिहास यांची निवड करीत आहेत. जे काम शिनोबी करीत, तेच काम एका अर्थी हे अभ्यासकही करीत आहेत. वरवर दिसते त्याच्या आड जाऊन खरे काय ते शोधून काढावयाचे आणि ते जसेच्या तसे सांगावयाचे!

उत्तम शिनोबीचे लक्षण सांगताना जुन्या ग्रंथकारांनी म्हटले आहे, की त्याच्या बुद्धीची वाखाणणी होत नाही आणि त्याच्या शौर्याचा डंकाही वाजत नाही. त्याचे काम यशस्वी झाले, याचा अर्थच असा, की ते कोणी केले हे कोणास कळले नाही. ज्यांनी नाव न उरविण्याची एवढी काळजी घेतली, त्यांच्याच नावाचा गाजावाजा आज जगभर व्हावा, हा काळाचा मोठा विनोद म्हटला पाहिजे. परंतु हा गाजावाजा ज्या जादूगाराचा होतो, तो निंजा कधी अस्तित्वातच नव्हता. जो होता, तो मळलेल्या कपड्यांतला, दगडी लेखणी व दोर जवळ बाळगणारा, परक्या मुलखाची बोली मन लावून शिकणारा आणि थंडीपावसात रात्र रात्र निश्चल बसून राहणारा एक साधा माणूस होता. त्याला जादू येत नव्हती. त्याला डोळे उघडे ठेवता येत होते, तोंड बंद ठेवता येत होते आणि सोसता येत होते. जादूपेक्षा या तीन गोष्टी शिकणे अधिक कठीण आहे.